सांगणारीचा वाटा

गारपिटीनं उभी पिकं आडवी केली आणि त्या वर्षी बायकांच्या हाताला शेतातलं काम उरलं नाही. उरली एक शेंगांची शेड. गावाबाहेर, रस्त्याला लागून. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंती आणि चौथ्या बाजूला नुसतं ऊन. आत भुईमुगाच्या शेंगांची पोती पत्र्याला टेकतील इतकी रचलेली. खायच्या शेंगा यंत्रात जातात. बियाण्याच्या मात्र हातानंच फोडाव्या लागतात, कारण यंत्रात दाण्याची लाल साल निघते आणि साल निघालेला दाणा मातीत कुजून जातो. म्हणून बायका लागतात. खरं तर त्यांचे अंगठे लागतात.

काकूचं सगळं घर त्या शेडवर होतं. मुलगा पोती वाहायचा. सून तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन शेंगा फोडायची. काकू स्वतः बायकांच्या गोलातली म्होरकी. कुणी कुठं बसायचं, कुणाची पाटी आधी काट्यावर जायची, हे ती ठरवायची आणि मालकही तिच्याशी बेतानं बोलायचा.

एका सकाळी मालक एका बाईला घेऊन आला. उंच, अंगानं काटक, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. एका पायात टायरची चप्पल पट्ट्यानं बांधलेली. काखेत गाठोडं धरलं होतं, तेही बोटांनी नाही, मनगटानं. बोटं आत वळलेली होती, काहींची टोकं नव्हती. दवाखान्यामागच्या वस्तीतली बाई आहे, हे कुणी सांगायची गरज पडली नाही. बायका उठल्याच. गोलातल्या एकीला सगळ्या भोंगा म्हणत, कारण तिचं कुजबुजणंसुद्धा रस्त्यापर्यंत जायचं. सगळ्यांच्या मनातलं ती बोलून मोकळी झाली. मालकानं सांगून पाहिलं, की ती कधीच बरी झालीय, डॉक्टरांनीच पाठवलीय, आता तिच्यापासून कुणाला काही होत नाही. पेरणी तोंडावर आलीय आणि मला हात कमी पडताहेत.

"हात कमी पडताहेत म्हणून असले आणले का," काकू म्हणाली. "ती बसेल तर आम्ही उठतो."

शेवटी तोड निघाली ती पोत्यांची. शेडच्या मागच्या दाराशी जागा मोकळी होती. तिथं आडवी थप्पी लावायची, ती बाई मागच्या दारानं येईल, पलीकडे बसेल, मागच्या दारानंच जाईल. थप्पी लावायचं काम काकूच्या मुलाच्या पाठीवर आलं. तो एकेक पोतं आणून टाकत होता आणि काकू कमरेवर हात ठेवून सांगत होती, अजून एक थर. अजून एक. तोवर ती बाई गाठोडं धरून तशीच उभी होती, जणू भिंत दुसऱ्याच कुणासाठी बांधली जात होती.

बाकीची पोती संपली की या भिंतीतलीच काढून फोडावी लागणार, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तिचं नाव कुणी विचारलं नाही. ती पलीकडची झाली. दिसायची नाही, पण ऐकू यायची. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. तिच्या अंगठ्यात शेंग दाबण्याइतकी ताकद नव्हती. लाकडाच्या दोन पट्ट्या एका टोकाला बांधून तिनं चिमटा केला होता. त्यात शेंग धरायची आणि तळव्यानं दाबायची.

सुनेचे अंगठे अजून तयार नव्हते. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कामाला आलेली, कातडी मऊ. चार दिवसांत नखाच्या कडेला चीर गेली, टरफलाची धूळ आत बसली, अंगठा टोमॅटोसारखा सुजला. रात्री मुलीचे लंगोट पिळतानाही तिचा जीव कळवळायचा. दुपारी ती अंगठा तोंडात धरून बसली होती. भोंगा म्हणाली, घरी दोघी अंगठा चोखणाऱ्या झाल्या म्हणायच्या. सगळ्या हसल्या. जरा वेळानं थप्पीवरून काहीतरी सुनेपुढं पडलं. तो चिमटा होता. हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

सुनेनं हात पुढं केला, तोच काकूनं झाडूच्या टोकानं चिमटा बाजूला सारला. सारत सारत शेडच्या बाहेर नेला आणि उकिरड्यावर ढकलला. येऊन पुन्हा बसली.

त्या दुपारी पलीकडून टक् आलंच नाही. संध्याकाळी मुलगा पलीकडची पाटी काट्यावर ठेवायला गेला, तर पाटीचा तळ दिसत होता. तिच्याकडे चिमटा तो एकच होता. घरी जेवताना त्यानं हे सांगितलं.

"कुणी सांगितलं होतं द्यायला," काकू म्हणाली आणि ताटातलं मीठ बोटानं एका जागी गोळा करत राहिली.

दुसऱ्या दिवशी टक् पुन्हा सुरू झालं. आवाज जरा वेगळा होता, कोऱ्या लाकडाचा.

शेडची एक जुनी रीत होती. गोलात कुणीतरी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकत फोडायचं. सांगणारीचे हात मागं पडतात, म्हणून संध्याकाळी प्रत्येकीनं आपल्या पाटीतली एक ओंजळ तिच्या पाटीत घालायची. सांगणारीचा वाटा म्हणायचे त्याला. इतकी वर्षं खोकली आजी सांगायची. ती थंडीत गेली आणि तिच्यामागं गोलात भोंगाच्या चहाड्या तेवढ्या उरल्या. त्या कुणाला खोट्या वाटत नव्हत्या, पण त्यांत जीवही रमत नव्हता.

पत्रा तापून टिणटिण वाजत होता, अशा एका दुपारी सुनेची मुलगी रडायला लागली. उन्हानं अंगावर पुरळ आलेलं, दूधही धरेना. सुनेनं खांद्यावर घेतली, पालथी घातली, काकूनं सुपानं वारा घातला. पोरीचा सूर काही उतरेना. मग पोत्यांपलीकडून आवाज आला. मोठा नाही, पण दाटलेला, विहिरीत बोलल्यासारखा.

"एक बाई होती. तिच्या घराला माळा होता. माळ्याला शिडी होती..."

पोर हुंदका अर्ध्यावर ठेवून ऐकू लागली. काकूनं सूप हलवायचं थांबवलं. पुढं काय होणार म्हणून नाही, पोर थांबली म्हणून. निदान तिनं तसंच सांगितलं असतं.

गोष्टीतल्या बाईला नव्या घरात सगळे चांगले होते. तीही कामाला वाघ. पाण्याच्या दोन घागरी आणि कडेवर पोरगं घेऊन चढण चढायची. एकदा चुलीवरचं तापलेलं भांडं तिनं फडक्याशिवाय उचललं आणि सावकाश खाली ठेवलं. सासूनं ते पाहिलं. भाजलं नाही का गं, म्हणाली. त्या बाईनं हात उलटा करून पाहिला, तर कातडी निघालेली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. तिथंच पलीकडचीनं गोष्ट तोडली आणि म्हणाली, उद्या.

संध्याकाळी पाट्या भरताना खरी अडचण आली. गोष्ट तर ऐकली होती. सगळ्यांनी ऐकली होती. भोंगा म्हणाली, तिला कशाला, ती काय आपल्या गोलातली आहे? पण काकूला रीत मोडलेली खपत नसे, मग ती कोणासाठी का असेना. तिनं सुपात प्रत्येकीची ओंजळ गोळा केली, सूप दोन्ही हातांनी थप्पीवर ठेवलं आणि चटकन मागं सरली. नंतर सूप रिकामं परत आलं. काकूनं ते उन्हात पालथं ठेवलं.

मग रोज गोष्ट पुढं सरकू लागली. त्या बाईला माळ्यावर ठेवलं. शिडी काढून घेतली. जेवण दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जायचं. खाली तिचं पोरगं रांगायला लागलं, मग धरून उभं राहायला लागलं. फळ्यांच्या फटीतून तिला त्याचा टाळू तेवढा दिसायचा. आई माहेरी गेलीय, असं त्याला सांगितलं होतं. संध्याकाळी दिवा लागला की ती फटीला तोंड लावून गोष्ट सांगायची. पोरगं विचारायचं, वर कोण बोलतं? घरातले म्हणायचे, वारा. मग पोरगं झोपताना वाऱ्याला म्हणायचं, आज वाघाची सांग.

यावर भोंगासुद्धा पदरानं नाक पुसत धुळीला दोष देऊ लागली.

काकूचं तसं नव्हतं. तिला गोष्टीतल्या सासूचा असा राग आला, की घरी येतानाही ती वाटेत तिला शिव्या घालायची. सुनेला हसू यायचं आणि बरंही वाटायचं, कारण त्या दिवसांत काकूचा हात तिच्या बाबतीत हलका झाला होता. पहाटे पाणी काकूच तापवून ठेवायची. सुजलेल्या अंगठ्याला तेल लावून चिंधी बांधून द्यायची. एकदा बांधताना म्हणाली, भाजतं ना तुला, चटका लागतो ना? सुनेनं हो म्हटलं, तेव्हा उगाच तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

शेडमधली पोती संपत आली आणि भिंतीतली निघू लागली. वरचा थर गेला तेव्हा पलीकडचीचा पदर दिसू लागला. मग कपाळ. मग डोळे. भुवया विरळ, पण डोळे हसरे होते. सुनेची मुलगी त्या डोळ्यांकडे टक लावून बघायची. पलीकडची खाली वाकून दिसेनाशी व्हायची आणि हळूच वर यायची. पोर खिदळायची. काकू पाठमोरी असायची, पण खिदळणं तिला ऐकू येतच होतं. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही आणि पोरीची जागाही बदलायला लावली नाही. थप्पीवर सूप ठेवून ती आता लगेच सरत नसे. ते रिकामं होईपर्यंत उभी राहायची. सूप उन्हात पालथं ठेवायचंही कधीतरी बंद झालं.

एक दिवस गोष्टीतली सासू दोरीची टोपली वर पाठवायला विसरली, तेव्हा काकूला राहवलं नाही.

"दगड आहे ती बाई. माझ्या घरात असती तर मी खाली आणली असती."

पलीकडचं टक् थांबलं.

"खरंच?"

"खरंच म्हणजे? सुनेला कुणी माळ्यावर टाकतं का," काकू म्हणाली. "हाताला धरून आणली असती."

बऱ्याच वेळानं टक् पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी पलीकडचीनं नेहमीपेक्षा जास्त सांगितलं. घरातले सगळे कामावर गेले होते. पोरगं एकटंच होतं. त्यानं कोपऱ्यातली शिडी ओढत ओढत आणली, कशीबशी माळ्याला टेकवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. माळ्यावरच्या बाईला कळेना, ये म्हणावं की जा म्हणावं. इथं तिनं थांबवलं. बायकांनी फार विनवलं, पण ती म्हणाली, उद्या.

तो उद्या उजाडला तेव्हा भिंत गुडघ्याएवढी उरली होती. सकाळीच मालक आला. बियाण्याला लागतील तेवढ्या शेंगा फोडून झाल्या, म्हणाला, आता निवडणी. निवडणीला सगळ्या बायका एकाच ताडपत्रीवर बसतात. दाणे एकीच्या हातून दुसरीच्या हातात जातात. पहिली दुभंगलेला काढते, दुसरी सुरकुतलेला, तिसरी बारका, आणि शेवटी उरतो तो बियाण्याचा. तिथं भिंत घालता येत नाही. शिवाय निवडणीला बसणाऱ्या बायकांनाच मालक पुढं वर्षभर पिशव्या भरायच्या कामाला ठेवायचा.

मालक उघडच बोलला. हिला काम हवंय. हिची नजर चांगली आहे, दुभंगलेला दाणा हिच्या नजरेतून सुटत नाही. मला काही अडचण नाही. पण गोल तुमचा. काकू, तुम्ही म्हणाल तसं.

पलीकडची उभी होती. त्या दिवशी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. वळलेले हात आज पदराखाली नव्हते. समोर धरले होते, दिसतील असे, घासून स्वच्छ केलेले. हातांना काही विचारायचं असेल तर विचारा, असे.

काकूनं गोलाकडे पाहिलं. भोंगा टरफलाशी खेळत होती. एकेकीनं मान खाली घातली. जी ती दुसरीनं बोलावं म्हणून थांबली होती आणि त्यातल्या कुणालाही नाही म्हणायचं नव्हतं. सुनेला आतून वाटत होतं, बोलावं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. माझ्याजवळ बसू दे, एवढंच. पण सासूच्या आधी बोलायची सवय नव्हती. काकू आता म्हणेलच, असं तिला वाटलं. कालच तर म्हणाली होती.

काकूची नजर सुनेच्या मांडीवर आली. पोर दूध पीत होती. पिता पिता हात नाचवत होती.

"तसं काही नाही," काकू म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "पण लेकरू आहे ना लहान. अंगावर पितंय."

मालकानं मान हलवली. पलीकडचीनंही हलवली, अगदी लगेच, जणू हे तिला आधीच कुणी सांगून ठेवलं होतं. तिनं हात पदराखाली घेतले. वाकून चिमटा गाठोड्यात टाकला, मनगटात गाठोडं अडकवलं आणि मागच्या दाराकडे वळली. आदल्या दिवशी गोष्ट लांबली म्हणून द्यायचा राहिलेला सांगणारीचा वाटा सुपात तसाच होता.

तेव्हा काकू उठली. तिला काय म्हणायचं होतं ते तिचं तिलाच माहीत. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ते पोरगं. चढलं का वर?"

पलीकडची दारात थांबली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर काकूला बरं वाटलं असतं.

"चढत होतं," ती म्हणाली. "सासू मधूनच घरी आली. तिनं खालून उचलून घेतलं. म्हणाली, लहान आहे ना."

आणि ती गेली. टायरच्या चपलेचा आवाज थोडा वेळ आला. उरलेली पोती मुलानं एकेक करून उचलली. खाली भिंतीच्या जागी फक्त धुळीची एक जाड रेघ राहिली. ती त्यानं झाडली नाही.

निवडणी मुक्यानं झाली. काकू पहिल्या जागी बसायची आणि तिच्या हातून दुभंगलेले दाणे पुढं जाऊ लागले. मग भोंगाच म्हणाली, काकू, तुमची नजर कुठंय? भोंगाचा आवाज त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेला नाही. घरी काकू सुनेशी काही बोलायची नाही. सूनही तिला काही म्हणायची नाही. दोष द्यायचा तर दोघींनाही एकमेकींना देता आला असता. पोरीला पाजताना सुनेला राहून राहून ते वाक्य आठवायचं. लेकरू तिचं होतं. लेकराच्या नावानं नाही म्हटलं गेलं होतं. नको, असं होऊ नये, हे म्हणायचा हक्कही तिचाच होता. तो तिनं मांडीवर ठेवून दिला होता.

निवडणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूनं सकाळी सुनेला म्हटलं, पोरीला घे, जरा जाऊन येऊ. कुठं ते सुनेनं विचारलं नाही. दवाखान्यामागची वाट खडीची होती. वस्ती म्हणजे एका रांगेत खोल्या, पुढं झाडलेलं अंगण, दोरीवर पट्ट्या वाळत घातलेल्या. काकूनं नाव विचारायला तोंड उघडलं आणि नाव ठाऊकच नाही हे तिला तिथं उमगलं. उंच बाई, ती म्हणाली. गोष्टी सांगते ती.

एक म्हातारा समोर आला. तो म्हणाला, ती गेली. कुठं दूर विटांच्या भट्टीवर माणसं हवी होती, तिकडं गेली. येईल की नाही सांगून गेली नाही. उन्हातून आलात, पाणी घ्या. त्याला बोटं नव्हती. त्यानं दोन मनगटांत पेला धरून पुढं केला.

काकूनं पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायली, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला पुन्हा भरून घेऊन सुनेलाही दिला. म्हातारा खूश झाला, आणखी हवं का म्हणाला. काकूनं मानेनंच नको म्हटलं. हे पाणी जिच्या हातून प्यायला हवं होतं, ती तिथं नव्हती. परतताना तिनं पोरीला सुनेकडून घेतलं आणि सबंध वाट कडेवर वागवली.

पुढच्या हंगामात शेडमध्ये पुन्हा पोती आली. थप्पी लावताना मुलानं मागच्या दाराशी जागा मोकळी सोडली. काकूनं ती रोज सकाळी झाडायला घेतली. गोलात दोन नव्या बायका आल्या होत्या. पोर आता चालत होती, टरफलांच्या ढिगात लोळत होती. एका दुपारी ती किरकिर करायला लागली, तेव्हा काकू खाकरली आणि म्हणाली, एक बाई होती, तिच्या घराला माळा होता. गोष्ट जशी ऐकली होती तशीच ती सांगत गेली. शिडीवरून सासूनं पोरगं उचलून घेतलं, तिथवर आल्यावर थांबली. नव्या बायका म्हणाल्या, मग?

"मग पुढचं मला ठाऊक नाही," काकू म्हणाली.

संध्याकाळी बायकांनी रीतीप्रमाणे एकेक ओंजळ काकूच्या पाटीत घातली. काकूनं ती सगळी पुन्हा सुपात काढली, उठली आणि मागच्या दाराशी झाडलेल्या जागेवर सूप नेऊन ठेवलं. नव्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भोंगानं डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

"वाटा सांगणारीचा असतो," काकू म्हणाली. "मी नुसती ऐकली."

सकाळी सुपात दाणे नसत. उंदीर साली तेवढ्या मागं ठेवून गेलेले असत. काकू त्या झटकून टाकायची आणि संध्याकाळी सूप पुन्हा तिथंच ठेवायची.